हातीं यंत्राचा दांडा, पण ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क कोठें?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत गेल्या कांहीं वर्षांत बांधकामाला सुकाळ आला आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. नागपूर-तुळजापूर रस्ता रुंद झाला. बेंबळा धरणाचें पाणी यवतमाळ शहरास आणण्यासाठीं मोठमोठे नळ जमिनींत गाडले गेले. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेतच, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. अशा कोणत्याहि कामावर जा, एक यंत्र हटकून दिसेल. पुढें लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला तारेचा दोर आणि दोराला आंकडा. लोक त्यास क्रेन म्हणतात. तिच्यांतली जी ठेंगणी जात ओझें उचलून तसेंच चालत जाते तिला हायड्रा म्हणतात. पुलाची तुळई, नळाचा तुकडा, सळयांची मोळी, जें वीस माणसांना हालत नाहीं तें हें यंत्र एका दांड्याच्या ओढीनें उचलतें.

हा दांडा कोणाच्या हातांत असतो? साहेबाच्या नव्हे, इंजिनियराच्या नव्हे. तो कास्तकाराच्या, सुताराच्या, लोहाराच्या, वडाराच्या पोराच्या हातांत असतो. शेजारीं उभा असलेला हेल्पर बिहार-झारखंडाकडील अशाच घरचा असतो. ज्या जिल्ह्याचें नांव कास्तकारांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें, तेथल्या बापाला आतां पोरानें पऱ्हाटीच्याच भरंवशावर राहावें असें वाटत नाहीं. पोरगा आधीं ट्रॅक्टर चालवतो, मग ट्रकवर क्लीनर होतो, मग क्रेनवर हेल्पर. दोनतीन वर्षें आंकडा अडकवतां अडकवतां दांड्यावर हात बसतो, आणि जुना ऑपरेटर काम सोडून गेला कीं हाच ऑपरेटर बनतो. महिन्याचा पगार येतो, घराची भिंत चढते, बहिणीचें लग्न निघतें. यांत वाईट कांहीं नाहीं. नवा हुन्नर आमच्या घरांत आला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु हुन्नराबरोबर जो हक्क घरांत यावयास पाहिजे होता तो वाटेंतच कोठें राहिला, आणि त्याविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

जुन्या गांवगाड्यानें कारागिराला पोटभर दिलें नाहीं आणि मान तर त्याहून दिला नाहीं. तरी एक गोष्ट त्यांत होती. तुळई चढवतांना सुतार म्हणाला, ‘लांकूड किडलें आहे, धरणार नाहीं,’ तर वाड्याचा धनीहि गप्प बसे. बंडीवानानें सांगितलें, ‘बैल बसतील, दोन पोतीं उतरवा,’ तर सावकारालाहि पोतीं उतरवावीं लागत. कारण सर्वांस ठाऊक होतें कीं ओझ्याची परीक्षा पैसेवाल्यास नाहीं, ओझें वागवणाऱ्यास आहे. आज ओझें शंभरपट झालें आणि तें वागवणाऱ्याच्या शब्दाची किंमत मात्र शून्य झाली.

ओझ्याचा हिशेब काय आहे तो आधीं पाहूं. ‘माझी क्रेन १४ टनांची आहे’ असें मालक सांगतो, आणि ठेकेदार तेवढेंच ऐकतो. पण १४ टन केव्हां? हात आंखडलेला असेल आणि ओझें यंत्राच्या अगदीं पुढ्यांत असेल तेव्हां. हात जसजसा लांबेल तसतशी ताकद घटते. ही गोष्ट कास्तकारास शिकवावयास नको. बंडींत मागल्या बाजूस भार जास्त झाला कीं बंडी उलाळ होते आणि जूं वर जातें. तेंच पोतें चाकाजवळ ठेवलें तर कांहीं होत नाहीं. क्रेनचा हिशेब हाच. तीन टनांचें ओझें तीन मीटरांवर धरलें तर तीन त्रिक नऊ; तेंच सहा मीटरांवर नेलें तर तीन सक अठरा. ओझें तेंच राहिलें, पण यंत्रास उलथवणारा जोर दुप्पट झाला. हायड्रा कंबरेंत मोडून वळते, म्हणून ओझें घेऊन वळूं लागली कीं तिची ताकद आणखी कमी होते. किती अंतरावर किती ओझें उचलावें याचा तक्ता यंत्राबरोबर कारखान्यांतून येतो. तो बहुधा इंग्रजींत असतो, आणि जुन्या यंत्रांत पुष्कळदां उन्हापाण्यानें पुसून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. मोठ्या क्रेनला चार बाजूंस पाय असतात. ते टेकवून मगच ओझें उचलावयाचें असतें. आमची जमीन काळी. ती कपाशीला आई आहे, यंत्राच्या पायाला नाहीं. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, आणि पाऊस झाला कीं ती लोण्यासारखी होते. पायांखालीं जाड लांकडी ओंडके किंवा लोखंडी पत्रे न घालतां ओझें उचललें आणि एक पाय चार बोटें रुतला, तर उंच हाताचें टोक वीतभर बाहेर सरकतें. ओझें लांब गेलें कीं पाय आणखी रुततो. तिसरी गोष्ट वाऱ्याची, चौथी विजेच्या तारांची. मोठ्या दाबाच्या तारेला लोखंडी हात लागलाच पाहिजे असें नाहीं, फार जवळ गेला तरी वीज उडी घेते.

आणि हें सर्व ध्यानांत ठेवणारा माणूस कोठें बसलेला असतो? मे महिन्यांत ४४-४५ अंशांच्या उन्हांत, तापलेल्या पत्र्याच्या आणि कांचेच्या खोलींत. जुन्या घाटाच्या हायड्रांत समोरच्या लोखंडी हातामुळें त्यास अर्धा रस्ता दिसत नाहीं. त्याचे डोळे म्हणजे खालीं उभा असलेला खलाशी. खलाशी ‘हाबेस’ म्हणाला कीं ओझें वर, ‘आरिया’ म्हणाला कीं ओझें खालीं. जहाजांवरचे हे शब्द बंदरांतून आमच्या रानापर्यंत पोहोंचले. त्या खलाशास रीतसर शिकवणें मात्र अजून पोहोंचलें नाहीं. आज मजुरीला आलेला पोरगा उद्यां खुणा करूं लागतो.

आतां मालकीचा घोळ पाहा. यंत्र एकाचें असतें आणि काम दुसऱ्याचें. क्रेनचा मालक पुष्कळदां जवळच्याच गांवचा लहान माणूस असतो. कर्ज काढून त्यानें यंत्र घेतलेलें असतें आणि तासावर किंवा महिन्यावर तो तें ठेकेदारास देतो. त्यास हप्ता भरावयाचा असतो, म्हणून यंत्र उभें राहिलेलें परवडत नाहीं. ठेकेदारास मुदत गांठावयाची असते, म्हणून त्यासहि तें उभें राहिलेलें खपत नाहीं. पगार मालक देतो, हुकूम ठेकेदाराचा माणूस सोडतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी ऑपरेटराची गत. रात्रपाळीचे जादा पैसे मागितले, आठवड्याची सुट्टी मागितली, तर मालक म्हणतो ठेकेदारास विचार. ठेकेदार म्हणतो मालकास विचार. सालदाराची स्थिति कांहीं सोन्याची नाहीं. पण पाडव्याला साल ठरतांना त्याला निदान एवढें ठाऊक असतें कीं आपण कोणाच्या घरीं, किती मोलानें आणि कशासाठीं राहिलों. ऑपरेटराच्या हातीं बहुधा एक चिठोराहि नसतो.

अशा माणसापुढें संध्याकाळीं ओझें येतें. तुळई घेऊन आलेला ट्रक उभा असतो आणि त्याचें भाडें चढत असतें. सुपरवायझर म्हणतो, ‘उचल.’

ऑपरेटर विचारतो, ‘वजन किती आहे साहेब?’

‘असेल आठ-नऊ टन. काल दुसऱ्यानें उचललेंच कीं.’

‘साहेब, जमीन ओली आहे. हात फार लांब जातो.’

‘तुला जमत नसेल तर सांग. दुसरा बोलावतों.’

वाचक हो, या शेवटल्या वाक्यांत सगळा प्रश्न आला. ‘वजन मोजून घेतों’ असें सुपरवायझर म्हणत नाहीं, ‘सकाळीं ओंडके घालून उचलूं’ असें म्हणत नाहीं. तो पोटावर बोट ठेवतो. ऑपरेटराच्या डोळ्यांपुढें मग ओझ्याचा तक्ता राहत नाहीं, घरचा हप्ता आणि पोरांच्या शाळेची फी उभी राहते. तो दांडा ओढतो. पुष्कळ वेळां कांहीं होत नाहीं, म्हणूनच हा खेळ चालतो. पण ज्या दिवशीं होतें, त्या दिवशीं अंदाजानें वजन सांगणारा सांपडत नाहीं आणि ‘उचल’ म्हणणाराहि सांपडत नाहीं. सांपडतो दांडा धरणारा. तो वांचला असला तर. निष्काळजीपणानें मृत्यु घडवण्यास जुन्या दंडसंहितेंत २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमांत ती ५ वर्षांपर्यंत गेली. शिक्षा वाढली म्हणून आम्ही रडत नाहीं. पण ज्यास नाकारण्याचा अधिकार नाहीं त्याच्याच माथीं पहिला गुन्हा, हें चोर सोडून संन्याशास सुळीं देणें झालें. आणि ओझ्याखालीं उभा असलेला हेल्पर? घोडें मेलें ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें!

कोणी म्हणेल, हें लहान ठेकेदारांचें झालें, मोठ्या कामावर असें होत नसेल. त्यांनीं समृद्धि महामार्गाकडे पाहावें. हा रस्ता आमच्या शिवेबाहेरून, वर्धा-अमरावतीकडून गेला. त्याच्या ठाणें जिल्ह्यांतील टोकाला, शहापूर तालुक्यांतल्या सरळांबे येथें, ३१ जुलै २०२३ ची रात्र उलटल्यावर पुलाच्या तुळया चढवणारें अजस्र यंत्र तुळईसकट कोसळलें आणि २० माणसें ठार झालीं. त्यांतले पुष्कळ परराज्यांतून पोटासाठीं आलेले होते. राज्य सरकारनें प्रत्येक घरास ५ लाख रुपये आणि केंद्रानें २ लाख रुपये जाहीर केले, ठेकेदारांवर गुन्हा नोंदला गेला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा तो सगळा रस्ता खुला झाला. तें यंत्र हायड्राहून निराळें आणि कितीतरी मोठें होतें. पण रात्रीच्या वेळीं, उंचावर, माणसांच्या डोक्यावर ओझें होतें हें दोहींकडे सारखें. बैल गेला आणि झोपा केला! मेल्यावर पैसे देणारें सरकार आपल्यापाशीं आहे. मरणाआधीं यंत्र थांबवूं शकेल असा माणूस मात्र कामावर नाहीं.

कायदा नाहीं असें नाहीं. १९९६ सालीं बांधकाम कामगारांचा कायदा झाला आणि १९९८ सालीं त्याचे केंद्रीय नियम झाले. ओझें उचलणाऱ्या यंत्राची जाणत्या माणसाकडून ठराविक काळानें परीक्षा व्हावी, त्यावर किती ओझें चालेल तें लिहावें, अठरा वर्षांखालील पोराच्या हातीं दांडा देऊं नये, जादा वेळेस दुप्पट मजुरी द्यावी, असें त्यांत सांगितलें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत सामावला. नव्या संहितेंतील दोन गोष्टी प्रत्येक ऑपरेटरानें गांठीं बांधाव्या. पहिली अशी कीं, कामगारास नेमणुकीचें पत्र दिलेंच पाहिजे. दुसरी, सुरक्षिततेच्या संहितेचें १४ वें कलम. जिवाला तात्काळ धोका आहे असें रास्त कारणानें वाटलें तर कामगारास तें मालकास आणि त्याच वेळीं सरकारी निरीक्षकास कळवतां येतें. मालकास पटलें तर त्यानें लगेच उपाय करावा. न पटलें तर प्रकरण निरीक्षकाकडे जावें.

हें कलम नीट वाचा. कळवण्याचा हक्क दिला आहे. निरीक्षकाचा निकाल येईपर्यंत दांड्यावरून हात काढण्याचा हक्क त्यांत स्पष्ट लिहिलेला नाहीं. ओझें हवेंत लोंबतें आहे आणि निरीक्षक कचेरींत! जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९८१ सालीं केलेल्या १५५ व्या करारांत हा प्रश्न सरळ सोडवला आहे. जिवाला तात्काळ व गंभीर धोका आहे असें रास्त कारणानें समजून जो कामगार कामापासून दूर झाला, त्यास त्याबद्दल भोगावें लागूं नये, असें त्यांत म्हटलें आहे. एवढें एक वाक्य आमच्या कायद्यांत उघड शब्दांनीं आलें पाहिजे. शिवाय ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असतील तेथें लागू होते. एकदोन क्रेनच्या मालकापाशीं दोनचार माणसें असतात. तो दहांत बसणार कसा? म्हणून ज्याच्या कामावर ओझें उचललें जातें त्या ठेकेदारालाच जबाबदार धरलें पाहिजे.

आतां पैशांचें ऐका. बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक रुपया उपकर घेतला जातो, आणि तो कामगारांसाठींच आहे. २०१८ सालीं सुप्रीम कोर्टापुढें हिशेब आला तेव्हां देशभर ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला होता, आणि कामगारांसाठीं खर्च झाले होते सुमारें ९,५०० कोटी. कांहीं ठिकाणीं त्यांतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याचीं यंत्रें घेतल्याचें निघालें. ज्याची बायको नाल्यावर धुणें धुते त्याच्या नांवानें कपडे धुण्याचें यंत्र! आमच्या राज्यांत इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षांत ९० दिवस काम केल्याचा दाखला दाखवला तर त्यांत नांव नोंदतां येतें, पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते, आणि कामावर मरण आलें तर घरास ५ लाख रुपये मिळतात. पण आमचा ऑपरेटर तेथें जात नाहीं. तो म्हणतो, मी कामगार नव्हे, मी ऑपरेटर; घमेलें उचलणारे ते कामगार. ही आढ्यता त्याच्या मालकाच्या आणि ठेकेदाराच्या फायद्याची आहे, त्याच्या बायकापोरांच्या नाहीं.

आमच्या मागणीवर एक आक्षेप निश्चित येईल. प्रत्येक ड्रायव्हर ‘नाहीं’ म्हणूं लागला तर कामें होणार कशीं? हा आक्षेप नवा नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांस आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हां रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं ती मागितली. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी मजुरांची सभा स्थापली, आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुट्टी मान्य झाली. गिरण्या त्यामुळें बुडाल्या नाहींत. त्यापुढें कित्येक दशकें त्या भरभराटींत चालल्या. ‘नाहीं’ म्हटल्यानें काम घटकाभर थांबतें; तेवढ्यांत वजन मोजतां येतें, ओंडके घालतां येतात, मोठें यंत्र बोलावतां येतें. क्रेन उलटली म्हणजे काम महिनोगणती थांबतें आणि एका घरांत तें कायमचेंच थांबतें. हिशेबी ठेकेदारास यांतलें स्वस्त कोणतें तें समजलें पाहिजे.

आमच्या पोरांसहि दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क मागणाऱ्यास ‘कां नाहीं’ तेंहि सांगतां आलें पाहिजे. त्यासाठीं तक्ता वाचावयास शिका. अंक आणि चार इंग्रजी शब्द इतकेंच तें आहे. आधीं शिकलेल्या हुन्नराची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेंत आहे. तो दाखला घ्या. सकाळीं तारेचा दोर, आंकड्याची खिटी, ब्रेक पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करूं नका. जेवायला जातांना ओझें लोंबतें ठेवूं नका. हेल्परला गंमत म्हणून दांड्यावर बसवूं नका आणि आंकड्याला माणूस लोंबकळूं देऊं नका. दारू पिऊन जो दांडा धरतो त्याच्यासाठीं आम्ही हक्क मागत नाहीं, हें त्यानें पक्कें समजावें.

थोडक्यांत आमचें मागणें असें. प्रत्येक मोठ्या ओझ्याचें वजन कागदावर लिहून, सांगणाऱ्याच्या सहीनें ऑपरेटराच्या हातीं पडावें. तक्ता मराठींत आणि हिंदींत खोलींत लावलेला असावा. खुणा करणारा खलाशी शिकलेला असावा. नेमणुकीचें पत्र मिळावें. आणि ऑपरेटर ‘नाहीं’ म्हणाला तर वजन व जमीन तपासल्याशिवाय त्याच्या जागीं दुसरा बसवूं नये. बसवला आणि अपघात झाला, तर पहिला गुन्हा बसवणाऱ्यावर व्हावा.

हें सरकारच्या दारांतून येईल तेव्हां येवो. तोंवर बापांनीं आणि भावांनीं एक करावें. पोरगा क्रेनवर लागला कीं ‘पगार किती’ एवढेंच विचारूं नये. पत्र मिळालें का, मंडळांत नांव आहे का, वजन कोण सांगतो, हेंहि विचारावें. आणि एखाद्या रात्रीं तो हुज्जत घालून, काम सोडून घरीं आला, तर त्यास आळशी म्हणून बोल लावण्याआधीं काय झालें तें ऐकून घ्यावें. एका तालुक्यांतल्या सगळ्या ऑपरेटरांनीं मिळून ठरवलें कीं न मोजलेलें ओझें कोणीच उचलावयाचें नाहीं, तर ‘दुसरा बोलावतों’ ही धमकी त्याच दिवशीं संपली. कारण दुसराहि आमच्याच घरचा आहे.